पावले मोजणारी बाई : लिलियन गिलब्रेथ

पौष पौर्णिमेला म्हसा येथे म्हसोबाची यात्रा भरते. यात्रेच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो आणि शेवटी त्याला चार पावले चालवून पाहिल्याशिवाय पैशाची गोष्ट काढीत नाही. तोच शेतकरी पुढे घर बांधावयास काढतो तेव्हा स्वयंपाकाचा ओटा किती उंच असावा, मोरी कोणत्या अंगाला काढावी, चूल दाराशी ठेवावी की खिडकीशी, हे सारे तो गवंड्यावर सोपवून मोकळा होतो. गवंडी मागच्या घरी जे केले तेच येथे करतो. त्या ओट्यापाशी ज्या बाईला पुढची तीस-चाळीस वर्षे काढावयाची असतात, तिला कोणी काही विचारीत नाही आणि आपल्याला विचारले जावे असे तिलाही वाटत नाही.

हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, इतकेच नव्हे तर तो अभियांत्रिकीचा प्रश्न आहे, असे मानून आयुष्य वेचणारी एक विदुषी अमेरिकेत होऊन गेली. तिचे नाव लिलियन गिलब्रेथ. कारखान्यांच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव ठाऊक असते. आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना ते क्वचितच ठाऊक असते. वास्तविक ही बाई मूळची आपल्याच पंथातली, म्हणजे साहित्याची विद्यार्थिनी!

लिलियन मोलर यांचा जन्म २४ मे १८७८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. घराणे जर्मन वंशाचे, खाऊन-पिऊन सुखी. भावंडे पुष्कळ आणि त्यांत थोरली ही. मुलींनी महाविद्यालयात जाण्याचे कारण काय, अशा मताचे वडील होते. परंतु मुलीने हट्ट सोडला नाही. बर्कले येथील विद्यापीठातून १९०० साली त्या साहित्य विषय घेऊन पदवीधर झाल्या आणि पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करण्याचा मान त्यांना मिळाला. त्या विद्यापीठात हा मान मिळालेली ही पहिलीच स्त्री. १९०२ मध्ये त्या एम. ए. झाल्या. पुढचा बेत अध्यापनाचा होता.

युरोपच्या प्रवासाला निघाल्या असता बॉस्टन शहरी त्यांची फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी ओळख झाली आणि १९०४ साली विवाह झाला. फ्रँक यांच्याविषयी येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण स्वयंपाकघराची पुढली सारी कथा त्यांच्या विटांपासून सुरू होते. ते महाविद्यालयात गेले नव्हते. सतराव्या वर्षी गवंड्याच्या हाताखाली उमेदवारीला लागले आणि पहिल्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आले की, कोणतेही दोन गवंडी सारख्या रीतीने वीट लावीत नाहीत; इतकेच काय, एकच गवंडी घाईत एक रीत वापरतो आणि निवांतपणी दुसरी. शिवाय प्रत्येक विटेसाठी गडी जमिनीपर्यंत वाकतो. वीट उचलावयाची ती दोन-अडीच किलोची, पण तिच्याबरोबर तो आपले अर्धे शरीर दर खेपेस खाली नेतो आणि वर आणतो. फ्रँकने विटा आणि चुना कमरेच्या उंचीवर राहील अशी परात तयार केली, विटा एका बाजूने रचून ठेवण्याची पद्धत घालून दिली, आणि एक वीट लावण्यास लागणाऱ्या अठरा हालचाली चार-पाचांवर आणल्या. गडी तोच, वीट तीच, भिंतही तीच. काम मात्र कितीतरी पटींनी उरकू लागले.

नवरा-बायकोंनी मिळून यातून गतिअभ्यासाचे शास्त्र उभे केले. काम करणाऱ्या माणसाचे चलच्चित्र घ्यावयाचे, चित्रात वेगाने फिरणारे एक घड्याळ ठेवावयाचे, आणि मग ते चित्र पुन:पुन्हा पाहून हात कोठे थबकतो, काय शोधतो, काय विनाकारण धरून ठेवतो, हे टिपून काढावयाचे. हाताच्या मूलभूत हालचालींना त्यांनी थर्ब्लिग असे नाव दिले. गिलब्रेथ हा शब्द जवळजवळ उलटा वाचला की हा शब्द होतो. विनोदबुद्धी दोघांनाही होती.

फ्रँकचे लक्ष हालचालीवर असे, तर लिलियनबाईंचे हालचाल करणाऱ्या माणसावर. माणूस थकतो का, कंटाळतो केव्हा, ज्या कामात त्याचे मन लागत नाही ते काम तो कसे करतो, हे प्रश्न त्यांचे होते. १९१६ मध्ये दोघांचा थकव्यावरील ग्रंथ निघाला. त्याआधी १९१४ साली व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरील लिलियनबाईंचे पुस्तक प्रसिद्ध झाले. परंतु त्यावर नाव छापले ते केवळ आद्याक्षरांनिशी, लेखक स्त्री आहे हे ग्राहकाला कळू नये म्हणून. १९१५ साली त्यांनी ब्राऊन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. या काळात घरात पाळणा हलत होताच. बारा मुले झाली. त्यांतील मेरी ही मुलगी १९१२ मध्ये घटसर्पाने गेली; उरली अकरा. या घराची हकीकत दोन मुलांनी पुढे १९४८ साली एका पुस्तकात लिहिली. ते पुस्तक खूप गाजले, त्यावर चित्रपटही निघाला; आणि त्यामुळे एक अनिष्ट गोष्ट अशी झाली की पुष्कळांना बाई आठवतात त्या बारा मुलांची आई म्हणून, शास्त्रज्ञ म्हणून नव्हे.

आता १९२४ साल. जूनच्या १४ तारखेला फ्रँक यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते जागच्या जागी गेले. युरोपातील दोन परिषदांना ते जावयाचे होते. सर्वांत मोठी मुलगी महाविद्यालयात जाण्याच्या वयाची, सर्वांत धाकटी दोन वर्षांची. लिलियनबाईंनी मुलांना विश्वासात घेतले आणि काही दिवसांतच नवऱ्याच्या जागी स्वत: बोटीत बसून त्या युरोपला गेल्या. लंडन आणि प्राग येथील कामे आटोपून परत आल्या तेव्हा खरा आघात पुढे उभा होता. ज्या कारखान्यांना पतिपत्नी दोघांनी मिळून सल्ला दिला, त्यांतील बहुतेकांनी करार पुढे चालू ठेवले नाहीत. बाईमाणूस आमच्या कारखान्यात येऊन काय शिकवणार, असा एकंदर सूर होता. डॉक्टरेट होती, ग्रंथ होते, अनुभव होता. फक्त आद्याक्षरांच्या मागे लपण्याची सोय आता उरली नव्हती.

स्वयंपाकघराच्या अभ्यासाला हे असे निमित्त झाले, हे लपविण्यात अर्थ नाही. बाईंना स्वयंपाकाची ओढ होती म्हणून त्या तिकडे वळल्या नाहीत. त्यांना स्वयंपाक फारसा येतही नव्हता. घरात एक गडी होता, तो ते काम पाही. त्यांचे स्वत:चे स्वयंपाकघर जुन्याच वळणाचे होते. अकरा पोटे भरावयाची होती, आणि ज्या एका क्षेत्रात स्त्रीला जाणकार मानण्यास जगाची हरकत नव्हती ते क्षेत्र घरातले होते. कारखान्याचे दार बंद झाले तेव्हा बाईंनी तेच शास्त्र घेऊन घराचे दार उघडले. आधी मॉन्टक्लेअर येथील राहत्या घरीच त्यांनी व्यवस्थापकांसाठी गतिअभ्यासाचा वर्ग काढला, पुढे मोठ्या दुकानांची आणि कंपन्यांची कामे मिळाली, आणि १९२७ मध्ये गृहिणी आणि तिचे काम या विषयावरील त्यांचे पुस्तक निघाले.

स्वयंपाकघराचा विचार करणाऱ्या त्या पहिल्याच नव्हेत. अमेरिकेत कॅथरिन बीचर यांनी १८६९ सालीच घराच्या पुस्तकात सुटसुटीत स्वयंपाकघराची आखणी दिली होती. ख्रिस्तीन फ्रेडरिक यांनी १९१२ च्या सुमारास मासिकांतून कारखान्याची शिस्त घरात आणण्याचा प्रचार केला. जर्मनीत फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या स्त्री-वास्तुविशारदाने १९२६ मध्ये सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले, आणि ते जवळजवळ दहा हजार घरांत बसविले गेले. त्या आखणीत डबे, खण, फळ्या सारे आधीच ठरलेले. घरात येणाऱ्या बाईने त्यात स्वत:ला बसवून घ्यावयाचे.

गिलब्रेथबाईंची रीत याच्या उलट होती आणि माझ्या मते तेथेच त्यांचे मोठेपण आहे. त्या आधी नकाशा काढीत नसत. आधी काम पाहात. एखादा पदार्थ निवडावयाचा, तो करणाऱ्या बाईची प्रत्येक हालचाल आणि प्रत्येक पाऊल टिपावयाचे. गतिअभ्यासात यासाठी एक सोपी युक्ती आहे. खोलीचा आराखडा पुठ्ठ्यावर काढून चूल, पाणी, पिठाचा डबा, भांडी अशा प्रत्येक जागी टाचणी टोचावयाची आणि बाई जशी फिरेल तसा एका टाचणीवरून दुसरीवर दोरा न्यावयाचा. स्वयंपाक संपला की दोऱ्याचे जाळे समोर दिसते. जेथे दोरा दाट झाला आहे त्या जागा जवळ आणावयाच्या, आणि शेवटी दोरा मोजावयाचा. हे कोणालाही, कोणत्याही घरात, दोन आण्यांच्या दोऱ्यात करता येते.

१९२९ साली ब्रुकलिनमधील एका गॅस कंपनीसाठी त्यांनी नमुन्याचे स्वयंपाकघर तयार केले. त्या कंपनीच्या अध्यक्षपदीही एक स्त्रीच होती, मेरी डिलन. शेगडी आणि काम करण्याचा ओटा शेजारी-शेजारी, ओट्याच्या वर आणि खाली, हात पोहोचेल इतक्या अंतरात, पीठ-साखर आणि भांडी, शीतकपाट जवळ, आणि चाके लावलेले एक छोटे टेबल, जे हवे तेथे ओढून घ्यावे आणि भांडी धुण्याच्या जागेपर्यंत एकाच खेपेत सारे न्यावे. हिशेब लिहिण्यासाठी एक मेजही त्यांनी स्वयंपाकघरात ठेवले, कारण घर चालविणे हे व्यवस्थापन आहे असे त्या मानीत. कंपनीला अर्थात गॅसच्या शेगड्या खपवावयाच्या होत्या. हे लक्षात ठेवूनच या प्रयोगाकडे पाहिले पाहिजे.

त्यानंतर न्यूयॉर्कमधील हेरल्ड ट्रिब्यून या वृत्तपत्राच्या गृहशास्त्र विभागात चाचणी झाली. स्ट्रॉबेरीचा एक केक आधी नेहमीच्या मांडणीच्या आणि मग नव्या मांडणीच्या स्वयंपाकघरात करण्यात आला. जुन्या मांडणीत २८१ पावले पडली, नव्या मांडणीत ४५. खोलीत नवे काहीच वाढविले नव्हते; जे होते तेच हलविले होते. गड्याच्या विटा कमरेपर्यंत वर आल्या होत्या त्याचाच हा दुसरा अवतार.

उंचीच्या प्रश्नावरही त्यांनी कष्ट घेतले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी हजारो स्त्रियांना विचारून शेगडीची, ओट्याची आणि भांडी धुण्याच्या जागेची योग्य उंची शोधण्याचे काम त्यांनी केले. बाईंचे म्हणणे असे की ओटा बाईच्या उंचीप्रमाणे असावा, बाईने ओट्याप्रमाणे होऊ नये. दुर्दैवाने कारखानदारांना हे परवडणारे नव्हते. त्यांनी सर्वांसाठी ३६ इंच ही एकच उंची ठरवून टाकली आणि तीच आजही अमेरिकेत रूढ आहे. पायाने उघडणारी कचऱ्याची पेटी आणि शीतकपाटाच्या दारातील फळ्या यांचे श्रेयही लिलियनबाईंना देतात. शेगडी, पाणी आणि साठवण या तीन जागांचा त्रिकोण, ज्याचा उल्लेख अंतर्गत सजावटीच्या प्रत्येक पुस्तकात असतो, तो १९४० नंतरच्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या वास्तुशास्त्र विभागात पक्का झाला. त्रिकोणाची एक बाजू चार ते नऊ फूट आणि तिन्ही बाजूंची बेरीज सव्वीस फुटांच्या आत, असे त्याचे माप. त्याचा पाया मात्र बाईंच्या पावलांच्या हिशेबात होता.

त्यांच्यावर टीकाही झाली आहे आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. रूथ श्वार्ट्‌झ कोवन या इतिहासकार स्त्रीने १९८३ साली असे दाखवून दिले की घरात यंत्रे आली, सोयी आल्या, तरी गृहिणीचे काम घटले नाही. स्वच्छतेच्या आणि पदार्थांच्या अपेक्षा वाढत गेल्या आणि वाचलेला वेळ पुन्हा घरातच जिरला. शिवाय ही सुटसुटीत जागा एकाच माणसाच्या हातापायांसाठी आखलेली. जेथे चार बायका मिळून काम करतात त्या घराचा तिने विचार केलेला नाही. यावर गिलब्रेथ घराचे उत्तर निराळे होते. तेथे आठवड्याची कौटुंबिक सभा भरे, कामे वाटली जात, आणि घराला रंग देणे किंवा कुंपण दुरुस्त करणे यासारख्या जादा कामासाठी मुले निविदा भरीत. ज्याची निविदा कमी त्याला काम! पाऊल वाचविणे हा एक भाग आणि काम वाटून घेणे हा दुसरा. जगाने पहिला उचलला, कारण तो दुकानात विकता येतो.

१९३५ मध्ये त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. तेथील अभियांत्रिकीच्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. १९४० नंतरच्या वर्षांत त्यांनी जे काम केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. हृदयरोग झालेल्या आणि अपंग गृहिणींसाठी न्यूयॉर्क येथे त्यांनी स्वयंपाकघर आखले. येथे बाईने बसून काम करावयाचे. ओट्याखाली गुडघे जाण्याइतकी मोकळी जागा, जड भांडे उचलावे न लागता सरकविता यावे अशी सलग पृष्ठे, रोजच्या वस्तू खांद्याच्या वर नाहीत आणि गुडघ्याच्या खाली नाहीत. निरोगी बाईसाठी जी सोय होती ती येथे जगण्या-मरण्याची गोष्ट झाली होती. १९५४ मध्ये गृहव्यवस्थापनावरील पुस्तक निघाले. १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या; १९६६ साली हूवर पदक मिळाले, तेही प्रथमच एका स्त्रीला. २ जानेवारी १९७२ रोजी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी फीनिक्स येथे त्यांचे निधन झाले.

आता प्रश्न असा की मुरबाड-शहापूरकडच्या घरात या बाईंचे काय काम? २८१ आणि ४५ हे आकडे पाठ करून काही उपयोग नाही. ते केकचे आहेत. रीत घ्यावयाची तर आधी आपल्याकडचे काम पाहिले पाहिजे. तांदळाची भाकरी थापणारी बाई बसलेली असते. परात मांडीजवळ, तवा हाताच्या टप्प्यात, पाण्याचे भांडे डाव्या बाजूला, आणि वैलावर कालवण शिजत असते. भाकरी होईपर्यंत तिला जागचे हलावे लागत नाही. पावलांचा हिशेब लावला तर ही मांडणी ब्रुकलिनच्या नमुन्याला हार जाणार नाही. तिचे दोष दुसरे आहेत : धूर, गुडघे आणि प्रत्येक राहिलेल्या वस्तूसाठी उठणे-बसणे. धुराचाही एक उपयोग असतो. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेल्या बियाण्याला त्यामुळे कीड लागत नाही. चूल हलविताना बियाणे कोठे जाईल हेही ठरवावे लागते, नाही तर नवे घर झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात ते ध्यानात येते.

२०१६ पासून ग्रामीण घरकुलाचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर केले आहे आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरली आहे. त्याच वर्षी उज्ज्वला योजनेतून गॅसच्या जोडण्या मिळू लागल्या. त्यामुळे पुष्कळ घरांत आता दोन चुली नांदतात : आत ओट्यावर गॅस, आणि मागच्या पडवीत भाकरीची व अंघोळीच्या पाण्याची चूल. म्हणजे आखणी एका खोलीची राहिलेली नाही. ओटा भिंतीशी सरळ घ्यावा की कोपऱ्यातून वळवून काटकोनात न्यावा, हा शहरातला प्रश्न. येथला प्रश्न ओटा पडवीच्या दाराकडच्या भिंतीला लावावा की समोरच्या, हा आहे. पीठ, मीठ आणि ताटल्या दोन्ही चुलींना लागतात. ओटा दाराकडे असला तर एकच मांडणी दोहोंना पुरते, समोर असला तर बाई दिवसभर खोली ओलांडते. उंचीचे म्हणाल तर उभे राहून कोपर वाकवावे आणि कोपराच्या खाली सहा-सात बोटे ओटा यावा, इतके पुरे आहे. पाच फूट उंचीच्या बाईला हे माप अडीच फुटांहून थोडे अधिक भरते. अमेरिकेचा तीन फुटी ओटा तिच्या खांद्यांना रोज त्रास देईल. पीठ मळण्यास ओटा आणखी दोन-तीन बोटे खाली असलेला बरा. गवंडी कामावर आला की घरातल्या बाईला भिंतीशी उभे करावे आणि कोळशाने रेघ मारून घ्यावी.

राहिले पाणी. त्रिकोणाचा हा तिसरा कोन आराखड्यात मोरीशी किंवा नळाशी धरतात. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरविणारी धरणे आहेत, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा घराचा आराखडा पुठ्ठ्यावर काढून टाचण्या टोचल्या, तर पाण्याची टाचणी पुठ्ठ्यावर मावत नाही. ती विहिरीवर असते. चुलीपासून निघालेला दोरा दाराबाहेर जातो, बांधावरून खाली उतरतो आणि डोक्यावर हंडा-कळशी घेऊन परत येतो. असा दिवसातून चार-पाच वेळा, फाल्गुनापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत.